हिरव्या रंगाखालचा ड्रायर

नानाजी मिस्त्रीने सोमाजीला आरमोरीच्या राइस मिलमधून उचललं, तेव्हा सोमाजी पंचवीस वर्षांचा होता आणि धानाच्या तुसात खोकत खोकत इंजिनाला तेल घालत होता. इंजिन बिघडलं म्हणून मालकाने नानाजीला मुद्दाम चांद्याहून बोलावलं होतं. दोन तास झाले तरी दुखणं सापडेना. तेव्हा सोमाजी भीत भीत म्हणाला, "मिस्त्री, आवाज खालून नाई, पट्ट्याच्या बाजूनं येऊन राह्यला." नानाजीने कान लावला. मग हातातला पाना खाली ठेवून त्याने सोमाजीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "चांद्याले येतोस?"

याला आता दहा वर्षं झाली होती. या दहा वर्षांत सोमाजीने नानाजीचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. नानाजीला घरचं असं कोणी नव्हतं. जटपुरा दरवाज्याजवळच्या त्याच्या कारखान्यामागच्या खोल्यांत सोमाजी बायकोला, वच्छलाला, घेऊन राहत असे आणि नानाजीचं ताट त्यांच्याकडेच असे. वच्छला भाकरी आधी नानाजीला वाढी, मग नवऱ्याला. म्हाताऱ्याला वांग्याची भाजी कमी तिखट लागते, म्हणून घरात सगळेच कमी तिखट खात.

नानाजी लढाईच्या काळात कामठीच्या फौजी डेपोत थंड मशीनींचं काम शिकून आला होता. चांद्यात हे काम जाणणारा तो एकटाच. सोमाजीला त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "हे मशीन आगीले भेत नाई, धक्क्याले भेत नाई. भेते पाण्याच्या एका थेंबाले." आणि मग जमिनीवर खडूने चित्र काढून समजावलं होतं. गॅस नळीतून फिरतो. एका जागी त्याला सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून जावं लागतं. त्या भोकाला वालव म्हणायचं. तिथे तो इतका गार होतो की त्याच्यात जरा जरी ओल असली तरी तिचा बर्फ होऊन भोक बुजतं. मशीन धडधडत राहतं, पण गारवा बंद. म्हणून वालवच्या अलीकडे ड्रायर बसवायचा. ड्रायर म्हणजे वीतभर लांबीची तांब्याची नळकांडी. आत साबुदाण्यासारखे निळे दाणे, ते ओल पिऊन घेतात. दोन्ही तोंडांना बारीक जाळी, ती कचरा अडवते. दाणे एकदा पिऊन तट्ट झाले की गुलाबी पडतात, मग तो ड्रायर फेकायचा. नव्याची टोपणं शेवटच्या क्षणी काढायची, नाहीतर तो उघड्यावरची हवाच पीत बसतो.

शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात देवीची लस ठेवायला थंड खोली होती. चांद्याच्या वैशाखात ती लस बाहेर दोन दिवससुद्धा टिकली नसती. त्या खोलीच्या मशीनीची देखभाल नानाजीकडे होती. सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये तिचा ड्रायर थकल्याची लक्षणं दिसली, तेव्हा सोमाजीनेच मुंबईला तार करून नवा मागवला. पार्सल आलं तेव्हा त्याने ते फोडलं, टोपणं घट्ट आहेत ना ते पाहिलं, आणि ड्रायरला गुंडाळलेल्या कागदावर निळ्या पेन्सिलीने लिहिलं, 'लस खोली, चांदा'.

नेमकं तेव्हाच आरमोरीला सोमाजीच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. तो म्हणाला, "ड्रायर बसवून मग जातो."

"तू जा ना बापा," नानाजी म्हणाला. "चार दिवस बहिणीच्या लग्नात राह्य. मी बसवतो. मले का येत नाई?"

सोमाजी परतला तेव्हा ड्रायर बसवलेला होता. वरून हिरवा रंगही दिला होता, चकचकीत. एवढ्या उन्हात म्हाताऱ्याने आपलं काम केलं, वर रंगसुद्धा मारला, या विचाराने त्याला भरून आलं. त्याच संध्याकाळी नानाजी म्हणाला, वरोऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात मोठं काम निघालंय, तीन आठवडे लागतील, उद्याच नीघ. सोमाजी निघाला.

तो परत आला त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर चैतू बसला होता. चैतू मोहर्लीकडच्या जंगलातल्या बोरीटोल्याचा. चार इयत्ता शिकलेला, गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारा, म्हणून दवाखान्याने त्याला लस टोचायच्या कामावर घेतलं होतं. लोक त्याला 'देवी डॉक्टर' म्हणत आणि तो लाजत असे. आज त्याने सोमाजीला रामराम केला नाही.

"काऊन रे चैतू, बरा हायेस ना?"

"माझ्या गावात देवी आली, सोमाजीभाऊ," चैतू म्हणाला. "तीन लेकरं गेली. तिन्ही मीच टोचलेली."

सोमाजीला आधी समजलंच नाही. टोचलेल्या पोराला देवी कशी येईल?

"लस लागली तं टोचल्या जागी फोड येते, तो फोडच नाई आला. आठ दिवसांनी हात पाह्यले, एकाच्याही हातावर फोड नाई. चाळीस लोकं टोचले मी. दंड धरून धरून टोचले. आमची बुधरीबाई नाई म्हणे, तिच्या नातवाले मी उचलून आणला. तोही गेला." चैतूने तळहात मांडीवर घासले. "आता गावात मले कोणी पाणी देत नाई. म्हणतात, चैतूनं पाणी टोचलं."

डॉक्टर आत हातात थर्मामीटर घेऊन उभे होते. नागपूरकडचे, चाळिशीचे, कमी बोलणारे. म्हणाले, "सोमाजी, वहीत रोज सकाळी काटा बरोबर आहे. आज मी दुपारी पाहिला. खोली बाहेरच्याइतकी नाही, पण गार म्हणता येणार नाही अशी. हे किती दिवस चाललंय?"

सोमाजी मशीनीजवळ बसला. मशीन धडधडत होतं. त्याने हात पुसून ड्रायरच्या अलीकडच्या नळीवर बोटं ठेवली. कोमट. मग पलीकडच्या नळीवर. गार, आणि वर घाम. पुढे वालववर तर बर्फाचं पांढरं, बुरशीसारखं पुट. त्याने गरम पाण्यात फडकं भिजवून वालववर धरलं. थोड्या वेळात आत सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि गॅस पुन्हा वाहू लागला.

म्हणजे रोज हेच चाललं होतं. दुपारच्या उन्हात मशीनीवर ताण आला की वालव गोठायचा, खोली तापली की बर्फ वितळायचा, आणि सकाळी कंपाउंडर वहीत बरोबर आकडा लिहायचा.

"ड्रायर तुंबला आहे जी," तो म्हणाला. "ओलही पीत नाई, गॅसही धड जाऊ देत नाई."

"महिन्यापूर्वीच नवा बसवलाय ना?"

"हो जी." त्याला स्वतःलाच उत्तर पटेना. "मुंबईवाल्यानं खराब पाठवला असंन."

त्याने गॅस अडवून ड्रायर काढला, त्याच्या जागी तात्पुरती साधी नळी जोडली, आणि खोली निदान आजच्यापुरती चालती केली. ड्रायर फडक्यात गुंडाळून तो कारखान्यात घेऊन आला. नानाजी तिथे नव्हता. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गुणवंतराव ठेकेदाराच्या बंगल्यावर गेला होता. गुणवंतराव सागवानाचे मोठे ठेकेदार. चांद्यात थंड हवेचं मशीन घरात बसवलेले पहिलेच.

सोमाजीने ड्रायर शिकंज्यात, फळीवरच्या लोखंडी पकडीत, धरला आणि करवतीने कापायला घेतला. रंग खरवडला गेला आणि खालचं तांबं दिसलं. तांब्यावर दातांचे ठसे होते. सरळ ओळीत सहा, मग एक जागा रिकामी, मग आणखी चार.

त्याने करवत थांबवली. हा शिकंजा त्याचा रोजचा. शिकंज्याच्या जबड्याचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे नरम तांबं धरलं की ठशांच्या ओळीत अशीच एक जागा रिकामी राही. मुंबईहून आलेल्या नव्याकोऱ्या ड्रायरवर हे ठसे कसे असतील? दोन वर्षांपूर्वी लस खोलीचा आधीचा ड्रायर त्याने स्वतः बसवला होता, तेव्हा याच शिकंज्यात धरून त्याची टोपणं सैल केली होती. नवा बसवला असेल तर तो जुना फळीखालच्या भंगाराच्या डब्यात असायला हवा होता. त्याने डबा उपसला. ड्रायर नव्हता.

मग त्याने कापायचं काम पुरं केलं. आतून काळं, चिकट तेल ओघळलं. दाणे गुलाबीसुद्धा राहिले नव्हते, त्यांचा चिखल झाला होता.

वच्छला चहा घेऊन आली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "अवो, काय झालं?"

"काई नाई," तो म्हणाला. "नानाजीले विचारून येतो."

सायकलवर जाताना तो मनात नानाजीच्या बाजूने कारणं शोधत होता. नव्या-जुन्या ड्रायरची अदलाबदल झाली असेल. म्हाताऱ्याचे डोळे आताशा नीट काम देत नाहीत. रंगाच्या घाईत चूक झाली असेल. बंगल्यापर्यंत त्याने अशी पाच-सहा कारणं जमवली.

बंगल्याच्या मागच्या पडवीत मशीन होतं आणि नानाजी त्याच्यापुढे पाटावर बसून पट्टा आवळत होता. सोमाजीची नजर आपोआप नळीवर गेली. तिथे नवा ड्रायर होता. त्याच्याभोवतीचा कागदही पुरता काढला नव्हता. त्यावर निळ्या पेन्सिलीने, त्याच्याच वळणाच्या अक्षरात, 'लस खोली, चांदा'.

जमवलेली सगळी कारणं तिथेच गळून पडली.

"नानाजी, हा इथी काऊन आहे?"

नानाजीने वर पाहिलं नाही. "आवाज कमी कर. घरात पाव्हणे आहेत."

"हा इथी काऊन आहे?"

"यांच्या पोरीचं लग्न होतं ना. नागपूरची वरात. दोन दिवसांवर लग्न अन् मशीन बंद. इथीही ड्रायरच गेला होता." नानाजी आता पाना फिरवायचा थांबला. "गुणवंतराव म्हणाले, मिस्त्री, माझी इज्जत तुमच्या हाती. खाणीवाल्या साहेबांच्या बंगल्यांत आता थंड मशीनी लागून राह्यल्या सोमा, ते काम त्याईच्या शब्दावर मिळते. मी मुंबईले दुसऱ्याची तार केली होती. आठ दिवसांचा सवाल होता. तो आला नाई त्याले मी काय करू?"

"जुन्याले रंग मारला."

"आठ दिवस निघतीन असं वाटलं."

"अन् मले वरोऱ्याले काऊन धाडलं?"

नानाजीने पाना पुन्हा पट्ट्याला लावला. आतून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "तू इथी राह्यला असता, तं पहिल्याच दिवशी पकडलं असतं."

दहा वर्षांत नानाजीने सोमाजीच्या कामाला कधी तोंडाने चांगलं म्हटलं नव्हतं. सोमाजीने त्याची वाटही पाहिली होती, गुपचूप, रोज संध्याकाळी अवजारं पुसताना. ते शब्द आज मिळाले, ते असे.

"बोरीटोल्यात तीन लेकरं मेली, नानाजी."

म्हाताऱ्याने झटकन वर पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, एवढं सोमाजीला दिसलं. त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्या सकाळी मी स्वतः डॉक्टरले सांगतो. माझ्या तोंडानं. तू आज काई बोलू नको. एवढं माझ्यासाठी कर."

सोमाजीने मान हलवली. त्याने ते केलं. वच्छलालासुद्धा त्या दिवशी काही सांगितलं नाही.

सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर एक कागद होता. नानाजी तिथे नव्हता.

"मिस्त्री काल दिवस मावळायच्या आतच येऊन गेले," डॉक्टर म्हणाले आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. "वाचता येतं ना?"

वाचता येत होतं. अक्षर नानाजीचं होतं, मोठं, तिरपं. लिहिलं होतं की ड्रायर सोमाजीने बसवला. नवा ड्रायर आपल्याला न विचारता त्याने ठेकेदाराच्या बंगल्यावर नेऊन लावला आणि दवाखान्याला जुना दिला. आपण म्हातारे, डोळे अधू, आपल्याला पत्ता लागला नाही. पोराला दहा वर्षं पोटच्यासारखं सांभाळलं, त्याने असं केलं याचं दुःख होतं. खाली सही.

सोमाजीने कागद दोनदा वाचला. 'पोटच्यासारखं' या शब्दावर तो अडकला आणि पुढे जाता येईना. काल त्याने गप्प राहण्याचा शब्द दिला होता तो याच्यासाठी. म्हाताऱ्याला कबुलीसाठी रात्रभराची मुदत हवी आहे असं त्याला वाटलं होतं. म्हाताऱ्याला हवी होती फक्त पहिलं पोचायची संधी.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी आरमोरीले होतो जी. बहिणीच्या लग्नात."

"वहीत सही मिस्त्रींची आहे. ते म्हणतात, काम कोणीही केलं तरी कारखान्याचे मालक म्हणून सही तेच करतात." डॉक्टरांनी डोळे चोळले. "मी कोणावर विश्वास ठेवू, सोमाजी?"

"कोणावर नका ठेवू. तार करा, दुसरा ड्रायर मागवा. तो येईपर्यंत मी दर तासाले वालव पाहतो. तुम्ही दर तासाले काटा पाहा."

त्यांनी तसंच केलं. चार दिवस सोमाजी लस खोलीच्या दारात बसून राहिला, मांडीवर गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन. कंपाउंडर बापूजी, जो सहसा कोणाच्या भानगडीत पडत नसे, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, ड्रायर बसवला तेव्हा नानाजीनं माझ्याकडूनच पाणी मागून घेतलं होतं. एकटाच होता तो. मी आधी बोललो नाई, कारण मले कोणी विचारलं नाई." डॉक्टरांनी तो कागद टेबलावरून उचलून खणात टाकला. नानाजीचं काम त्याच दिवशी बंद झालं. सोमाजीला त्यांनी एवढंच म्हटलं, "तुम्ही चालू ठेवा."

नवा ड्रायर बसला. काटा सकाळ, दुपार, संध्याकाळ एका जागी राहू लागला. नागपूरहून ताजी लस आली. पण बोरीटोल्याचे लोक दंड उघडायला तयार नव्हते. चैतू दोनदा जाऊन रिकामा परतला.

"मी येतो तुझ्यासंगं," सोमाजी म्हणाला.

मोहर्लीपर्यंत दवाखान्याच्या जीपने आणि पुढे मोहाच्या झाडांखालून पायी. लसीचा थर्मास सोमाजीने स्वतः उचलला होता. गावात माणसं मांडवाखाली बसली होती, बायका मागे. कोणी बसा म्हटलं नाही. सोमाजी उभ्यानेच बोलला आणि चैतू गोंडीत सांगत गेला.

"चैतूनं काई खराब नाई केलं. त्याले जी लस दिली तीच खराब होती. ती थंड ठेवायची मशीन बिघडली होती. मशीन आमच्या हाती होती."

पुढे बुधरी बसली होती. पांढरे केस, गळ्यात काळे मणी. तिने चैतूकडे न पाहता सरळ सोमाजीलाच, मोडक्या मराठीत विचारलं, "तुझ्या हातानं?"

सोमाजी 'हो' म्हणणार होता. तसं ठरवूनच तो आला होता, म्हणजे गोष्ट तिथेच मिटली असती. पण बाईच्या डोळ्यांपुढे ते खोटं त्याच्याने बोलवेना.

"नाई. माझ्या गुरूच्या हातानं," तो म्हणाला. "त्याले ठाऊक होतं, मशीन बिघडंन. त्यानं तरी केलं."

हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता. चैतूने ते गोंडीत सांगितलं.

बुधरीने ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो काऊन नाई आला?"

सोमाजीने लसीचा थर्मास चैतूच्या हाती दिला.

त्या दिवशी सगळे उठले नाहीत. निम्म्याहून कमीच लोकांनी दंड पुढे केले. बुधरीने आपल्या लहान नातीला आणलं, स्वतः तिचा हात धरून बसली, आणि चैतूचं काम होईपर्यंत त्याच्या बोटांवरची नजर काढली नाही. आठ दिवसांनी चैतू धावतपळत दवाखान्यात आला आणि ओसरीवरूनच ओरडला, "फोड आले! सगळ्याईले आले!"

नानाजीचं फार काही बिघडलं नाही. गुणवंतरावांच्या शब्दावर त्याला खाणीकडच्या बंगल्यांचं काम मिळालं. सोमाजी आणि वच्छला त्याच्या खोल्या सोडून पठाणपुऱ्यात भाड्याने राहू लागले. पहिले काही दिवस वच्छलाच्या हातून भाजी कमी तिखटच होत असे, मग एके दिवशी तिने रागारागाने मूठभर मिरच्या घातल्या आणि दोघांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्लं.

पावसाळा सरल्यावर एकदा नानाजी पठाणपुऱ्यात आला. दारात उभा राहून म्हणाला, "सोमा, मले त्या दिवशी काई सुचलं नाई रे."

वच्छलाने पाणी दिलं. जेवायला बसा म्हणाली नाही.

"दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं सुचलं ना?" सोमाजी म्हणाला. "मी तुमच्या शब्दासाठी गप्प बसलो होतो, नानाजी. तुम्ही म्हणाले असते तं मी तो ड्रायर माझ्या हातानं बसवला असंही सांगितलं असतं. विचारलं असतं, तं."

नानाजीने तांब्या खाली ठेवला.  मग तो वळला आणि गेला.

हिवाळ्यात दवाखान्यात नवं मशीन आलं, वेगळ्या बनावटीचं. पेटीवर सगळं इंग्रजीत, आणि वालवची रचना सोमाजीने कधी न पाहिलेली. दुपारभर तो त्याच्यापुढे बसला. शेवटी पाना खिशात टाकून उठला, सायकल काढली आणि जटपुरा दरवाज्यापर्यंत आला. समोर कारखान्याचं दार उघडं होतं, आतून कानस चालवल्याचा आवाज येत होता. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे निघालो आहोत. तो सायकल धरून थोडा वेळ उभा राहिला. मग सायकल वळवून दवाखान्यात परतला आणि मशीनीचं झाकण पुन्हा पहिल्यापासून उघडायला बसला.